वजन वाढते, ‘ड’ घटते

२००० साली अमेरिकेत एक साधासा दिसणारा प्रयोग झाला. वोर्ट्समन, मायकेल हॉलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९ सडपातळ आणि १९ लठ्ठ, पण एरवी निरोगी, गोऱ्या वर्णाच्या माणसांच्या अंगावर अतिनील किरणांचा सारखाच मारा केला. रक्त आधी घेतले होते, चोवीस तासांनी पुन्हा घेतले. ऊन लागले की कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते आणि रक्तात उतरते. तसे ते दोन्ही गटांत उतरले, पण लठ्ठ माणसांच्या रक्तातली वाढ सडपातळांपेक्षा ५७ टक्क्यांनी कमी भरली. कातडीतच काही खोट असेल म्हणावे, तर तिथे या जीवनसत्त्वाचा कच्चा माल दोन्हीकडे जवळपास तेवढाच होता आणि किरण पडल्यावर त्याचे रूपांतरही सारख्याच प्रमाणात होत होते. म्हणजे माल तयार होत होता, पण रक्तात पोचत नव्हता. मग तो जात होता कुठे?

हा प्रश्न आता फक्त प्रयोगशाळेचा राहिलेला नाही. शहरांत आणि तालुक्याच्या गावांतही ‘फुल बॉडी चेकअप’ची पॅकेजे निघाली आहेत आणि त्यांत ड जीवनसत्त्वाची तपासणी बहुधा असतेच. चाळिशीतली व्यक्ती, वजन दहा-पंधरा किलो जास्त, साखर काठावर आणि ड जीवनसत्त्वाच्या आकड्यापुढे ठळक अक्षरांत ‘कमी’ असा शेरा, हे रिपोर्ट आज घरोघर दिसतात. जादा वजन आणि कमी ‘ड’ या दोन गोष्टी शेजारीशेजारी छापून आल्या की मनात सांगड बसतेच. ‘डी कमी आहे, म्हणून थकवा आहे, म्हणून हालचाल होत नाही आणि म्हणून वजन उतरत नाही.’ मग ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटांची पुडी सुरू होते आणि तिच्याकडून वजनाच्या काट्यावरही काही फरक पडेल अशी आशा धरली जाते.

ही आशा कितपत खरी, हे तपासणारे पुरेसे संशोधन गेल्या पंचवीस वर्षांत झाले आहे आणि त्याचा कौल बराच स्पष्ट आहे. लठ्ठपणामुळे रक्तातले ड जीवनसत्त्व कमी होते. उलट दिशेचा, म्हणजे ते कमी असल्यामुळे माणूस लठ्ठ होतो याचा, पुरावा फारच लंगडा आहे.

आधी संबंध किती दाट आहे ते पाहू. २०१५ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले. लठ्ठ व्यक्तींमध्ये ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे प्रमाण सामान्य वजनाच्या लोकांपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त निघाले, तर नुसत्या जादा वजनाच्या लोकांच्या तुलनेत ते २४ टक्क्यांनी जास्त होते. वय कोणते, देश विषुववृत्ताजवळचा की लांबचा, याने चित्र फारसे बदलले नाही. आणि लठ्ठपणा आता परदेशाचा आजार म्हणून सोडून देण्यासारखाही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २१ च्या फेरीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. शहरी स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३३ टक्क्यांवर आहे आणि गोव्यात दर तिघींमागे एकीहून अधिक स्त्रिया या गटात मोडतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत तर पोटाचा घेर वाढलेल्या प्रौढांचे प्रमाण ३९.५ टक्के निघाले.

ड जीवनसत्त्वाची ओळख जगाला झाली ती लहान मुलांच्या मुडदूस या आजारातून, आणि त्या कथेत नाशिकचे नाव आहे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला हचिसन या डॉक्टरांनी आपल्या भारतीय सहकाऱ्यांबरोबर नाशिकमधल्या मुलांची पाहणी केली. खाऊनपिऊन सुखी, पण पडद्यात राहणाऱ्या घरांतल्या मुलामुलींना मुडदूस झालेला दिसत होता. याउलट ज्या गरीब कुटुंबांच्या पानात दूधतूप क्वचितच पडे, पण ज्यांची मुले दिवसभर उघड्यावर वाढत, त्यांची हाडे सरळ होती. हाडांचा हा आजार अन्नाइतकाच, किंबहुना अन्नापेक्षा जास्त, उन्हाशी बांधलेला आहे हे सांगणारा तो जगातल्या सुरुवातीच्या पुराव्यांपैकी एक होता. पुढे १९२८ साली जर्मनीच्या आडोल्फ विंडाउस यांना स्टेरॉल गटातली द्रव्ये आणि त्यांचा जीवनसत्त्वांशी असलेला संबंध उलगडल्याबद्दल रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

कातडीत किंवा अन्नातून आलेले ड जीवनसत्त्व जसेच्या तसे कामाला येत नाही. यकृतात त्यावर एक प्रक्रिया होते आणि मूत्रपिंडात दुसरी. यकृतातून जे रूप बाहेर पडते तेच रक्तात दोन-तीन आठवडे टिकते आणि पॅथॉलॉजी लॅबमध्ये तेच मोजले जाते. मूत्रपिंडातून निघणारे रूप खरे सक्रिय. ते आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला लावते. या सगळ्या प्रवासात एक गुणधर्म कायम राहतो, तो म्हणजे हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळते. लठ्ठपणाशी त्याचे नाते इथून सुरू होते.

चरबीत ते साठते हे १९७१ मध्येच उंदरांवरच्या प्रयोगातून दिसले होते. त्यामुळे २००० सालच्या प्रयोगाचा अर्थ लावताना बहुतेकांनी असेच मानले, की चरबी हे जीवनसत्त्व ओढून घेते आणि धरून ठेवते, रक्ताकडे सहजी सोडत नाही. हे स्पष्टीकरण पटण्यासारखे होते आणि अनेक पुस्तकांत आजही तेच सापडते. पण २०१२ मध्ये ओमाहाच्या क्रेटन विद्यापीठातले रॉबर्ट हीनी, आंजेला ड्रिन्चिच आणि सहकाऱ्यांनी ६८६ प्रौढांची आकडेवारी घेऊन वेगळाच मुद्दा मांडला. त्यांच्या मते चरबीने काही अडवून ठेवण्याची गरजच नाही. चमचाभर मीठ चार माणसांच्या वरणात घातले तर चव येते, तेच मीठ पंगतीच्या हंड्यात घातले तर वरण अळणी लागते. मीठ कुठे नाहीसे झालेले नसते. शरीर मोठे झाले की तेवढेच ड जीवनसत्त्व जास्त चरबीत, जास्त स्नायूंत आणि जास्त रक्तात वाटले जाते, आणि दर मिलिलिटरमागचा आकडा खाली येतो. वजन हिशेबात धरले, की लठ्ठ आणि सडपातळ यांच्यातला फरक बराचसा विरून जातो असे त्यांना आढळले.

पुढे लठ्ठ आणि सामान्य वजनाच्या स्त्रियांच्या चरबीचे नमुने प्रत्यक्ष तपासले गेले. चरबीच्या दर ग्रॅममागे ड जीवनसत्त्वाचे प्रमाण दोघींत सारखेच निघाले, फक्त लठ्ठ स्त्रीच्या अंगावर असे ग्रॅम कितीतरी जास्त. म्हणजे लठ्ठ स्त्रीच्या शरीरातला एकूण साठा कमी नसून जास्तच असू शकतो, आणि तरीही तिचा रिपोर्ट कमतरतेचा येतो. ही गोष्ट रुग्णाला समजावून सांगायला अवघड आहे, पण सांगायलाच हवी, कारण एकदा ती उमगली की लॅबच्या आकड्याकडे पाहण्याची नजर बदलते.

वाटले जाणे हे बहुतेक सगळ्यात मोठे कारण असावे, पण एकटे नव्हे. लठ्ठपणात यकृताचे कामही मंदावते. ड जीवनसत्त्वावर पहिली प्रक्रिया करणारे विकर लठ्ठ उंदरांच्या यकृतात कमी आढळले आहे, आणि माणसाच्या चरबीतही लठ्ठपणात ते घटते व वजन उतरल्यावर पुन्हा वाढते अशी चिन्हे आहेत. ज्यांच्या यकृतावर चरबी चढली आहे त्यांच्यासाठी हा मुद्दा विशेष महत्त्वाचा. शिवाय वजनदार माणूस बाहेर कमी पडतो, अंग जास्त झाकतो, हेही खरेच. मात्र ‘ऊन कमी मिळते’ एवढ्यावर सगळे ढकलता येत नाही. २००० सालच्या प्रयोगात किरणांचा मारा सर्वांना सारखाच होता.

आता मूळ वाद. दोन गोष्टी एकत्र नांदतात म्हणून एक दुसरीला जन्म देते असे होत नाही. शिवाय इथे दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतो. ड जीवनसत्त्वाचे ग्राही (रिसेप्टर) चरबीच्या पेशींतही असतात, तेव्हा ते कमी पडले तर चरबी वाढत असेल, असा तर्क अनेक वर्षे मांडला जात होता. याचा सोक्षमोक्ष लावायला लंडनच्या करणी विमलेश्वरन, एलिना हिप्पोनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये जनुकांचा आधार घेतला. काही माणसांच्या वाट्याला जन्मतःच अशी जनुके येतात, की त्यांचे वजन थोडे जास्त राहते. दुसऱ्या काहींची जनुके अशी, की त्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व थोडे कमी राहते. ही वाटणी गर्भातच झालेली असते. तिच्यावर आहाराचा, उन्हाचा, पैशाचा किंवा आळसाचा परिणाम नसतो. लठ्ठपणामुळे ड जीवनसत्त्व घटत असेल, तर वजनाची जनुके असलेल्यांत ते कमी दिसले पाहिजे. ते घटल्यामुळे लठ्ठपणा येत असेल, तर ‘ड’ कमी ठेवणारी जनुके असलेली माणसे जाडी निघाली पाहिजेत.

२१ अभ्यासगटांतल्या ४२,०२४ व्यक्तींची माहिती एकत्र केली गेली. पहिली गोष्ट दिसली. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, १० टक्क्यांनी वाढला तर रक्तातले ड जीवनसत्त्व सुमारे ४.२ टक्क्यांनी घटते. दुसरी दिसली नाही. ‘ड’ कमी ठेवणारी जनुके असलेल्यांचे वजन जास्त नव्हते. या क्षेत्रात एवढा निःसंदिग्ध निकाल क्वचितच लागतो.

प्रत्यक्ष औषध देऊन केलेल्या चाचण्यांनीही तेच सांगितले. अमेरिकेत सिएटलच्या संशोधकांनी रजोनिवृत्तीनंतरच्या, जादा वजनाच्या आणि ड जीवनसत्त्व कमी असलेल्या २१८ स्त्रिया घेतल्या. सगळ्यांना वर्षभर आहार आणि व्यायामाचा सारखाच कार्यक्रम दिला. निम्म्यांना रोज २,००० युनिट ड जीवनसत्त्व, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. वर्षाअखेर दोन्ही गटांचे वजन सरासरी ७ किलोंच्या आसपास उतरले होते. गोळीने त्यात काहीच भर घातली नव्हती. त्याच संशोधकांच्या आधीच्या अभ्यासातली दुसरी बाजू मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्यांनी आपले वजन १५ टक्के किंवा त्याहून जास्त उतरवले, त्यांच्या रक्तातले ड जीवनसत्त्व दर मिलिलिटरला ७.७ नॅनोग्रॅमने वाढले. ज्यांचे वजन ५ ते १० टक्क्यांनी उतरले त्यांच्यात ही वाढ ३ नॅनोग्रॅमच्याही आतच राहिली. वजन खाली, ‘ड’ वर. काट्याची दिशा एवढी सरळ आहे.

मधुमेह आणि कर्करोगाबाबतही हीच आशा बाळगली गेली होती. २०१९ मध्ये निकाल लागलेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २,४२३ जणांपैकी निम्म्यांना रोज ४,००० युनिट दिले गेले. मधुमेह होण्याचे प्रमाण १२ टक्क्यांनी कमी दिसले, पण हा फरक योगायोगाचाही असू शकतो इतका किरकोळ होता. २५,८७१ जणांच्या ‘व्हायटल’ या चाचणीत रोजच्या २,००० युनिटांनी ना कर्करोग कमी झाले, ना हृदयविकार. त्यानंतर संशोधकांनी याच आकड्यांची वजनानुसार विभागणी केली, तेव्हा सडपातळ लोकांत थोडाफार फायदा दिसू लागला. ‘व्हायटल’मध्ये सामान्य वजनाच्या व्यक्तींत कर्करोगाचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी कमी होते, लठ्ठ व्यक्तींत नाही. मधुमेहाच्या चाचणीतही बीएमआय ३० च्या आत असलेल्यांना जास्त लाभ झालेला दिसला. २०२३ मध्ये ‘व्हायटल’मधल्या १६,५१५ जणांचे रक्त तपासून हेही दाखवले गेले, की तीच गोळी घेऊन लठ्ठ माणसांच्या रक्तात ‘ड’ कमी चढते.

निकाल हाती आल्यावर केलेल्या अशा विभागणीवर फार भार टाकू नये. पुरेशा वेळा आकडे कापले, की कुठला ना कुठला तुकडा चमकतोच. पण दोन वेगळ्या चाचण्यांत एकच चित्र उमटले आणि २००० सालच्या प्रयोगाशी ते जुळते, म्हणून ते दुर्लक्षण्याजोगे नाही. सगळ्या वजनाच्या माणसांना एकच डोस द्यायचा आणि मग ‘ड जीवनसत्त्वाचा उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढायचा, हे न्याय्य वाटत नाही.

इथे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. लठ्ठ माणसाच्या रक्तातला कमी आकडा हा आजार आहे का? इंग्लंडमध्ये शेफील्डच्या संशोधकांनी २०१६ मध्ये लठ्ठ व्यक्तींची हाडे बारकाईने तपासली. त्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी होते, प्रथिनांना न चिकटलेले मोकळे रूपही कमी होते, पण हाडे विरळ झालेली नव्हती. घनता उलट जास्त होती आणि हाडांची झीजही कमी होती. शरीराचा भार वाहताना हाड मजबूत होते हे त्याचे एक कारण. तरी लठ्ठ माणसाची हाडे सुरक्षित आहेत असे समजून निश्चिंत राहता येणार नाही, कारण वजनदार स्त्रियांत घोट्याचे अस्थिभंग जास्त दिसतात. एवढे मात्र नक्की, की सडपातळ माणसात १५ नॅनोग्रॅम हा आकडा जे सांगतो तेच तो १०० किलोंच्या माणसात सांगत असेल असे नाही.

अमेरिकेतल्या एन्डोक्राइन सोसायटीच्या भूमिकेतला बदल याच गोंधळातून आला आहे. २०११ मध्ये या संस्थेने २० नॅनोग्रॅमखाली कमतरता मानली, लठ्ठ व्यक्तींची तपासणी करा असे सांगितले आणि त्यांना दोन ते तीन पट डोस सुचवला. जगभरचे डॉक्टर त्याप्रमाणे चालू लागले, भारतातलेही. २०२४ मध्ये त्याच संस्थेने ठराविक आकड्याचा आग्रह सोडला आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी नको, केवळ लठ्ठ आहे म्हणूनही नको, असे सांगितले. ज्यांना हाडदुखी आहे, स्नायू अशक्त आहेत, वय झाले आहे, मूत्रपिंड किंवा आतड्याचा आजार आहे, फिट्सची औषधे चालू आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. बेरिअॅट्रिक शस्त्रक्रिया झालेल्यांची तर फारच वेगळी. जठर-आतड्याची रचना बदलल्यामुळे त्यांच्यात हे जीवनसत्त्व नीट शोषलेच जात नाही आणि त्यांना ते आयुष्यभर, सर्वसामान्यांपेक्षा जास्त मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावे लागते.

भारतात या सगळ्याला आणखी एक पदर आहे आणि तो पुण्यातून उलगडला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच उदाहरणे दिली. दोघांचा बीएमआय २२.३, तंतोतंत सारखा. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिनांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दोघे शेजारी उभे राहिले तर कोणालाही फरक कळला नसता. पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिकांच्या गटाने १९९० च्या दशकात सुरू केलेल्या अभ्यासात हे जन्मापासूनच दिसते. इथली बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी. स्नायू आणि अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली.

म्हणजे भारतीय माणसाचा वजनाचा काटा चरबीबद्दल पुरते सांगत नाही. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २५ च्या वर गेला की लठ्ठपणा मानावा आणि पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे कंबर गेली की सावध व्हावे, असे भारतीय तज्ज्ञ सांगत आले आहेत. मध्यम बांध्याचे, पण पोट सुटलेले गृहस्थ ‘मी कुठे लठ्ठ आहे?’ म्हणतात तेव्हा त्यांच्या अंगात चरबीचा वाटा पुष्कळ असू शकतो. ड जीवनसत्त्वाच्या दृष्टीने शरीर किती मोठे आहे याइतकेच त्यात चरबी किती आहे हेही महत्त्वाचे आहे.

त्यात आपल्याकडे ‘ड’च्या भांडवलाचीच मुळात टंचाई. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये पंचविशी ते पस्तिशीतल्या, कोणताही आजार नसलेल्या हजाराहून अधिक तरुणांचे रक्त तपासले, तेव्हा सुमारे ७० टक्के जण २० नॅनोग्रॅमच्या खाली होते. हे सगळे काही लठ्ठ नव्हते. गव्हाळ, सावळ्या कातडीतले रंगद्रव्य अतिनील किरण शोषून घेते, त्यामुळे गोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळ ऊन लागते. आणि ते मिळत नाही. ऑफिसच्या काचेतून येणारे ऊन उबदार लागते, पण ड जीवनसत्त्व बनवणारे किरण काच अडवते. हवेतला धूरही अडवतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिल्लीच्या मोरी गेट भागातल्या तान्ह्या मुलांमध्ये सरासरी १२.४ नॅनोग्रॅम, तर तेव्हा मोकळ्या हवेच्या गुरगावातल्या मुलांमध्ये २७.१ नॅनोग्रॅम आढळले होते. राज्याराज्यांतल्या मुलांच्या २०१६ ते १८ च्या राष्ट्रीय पोषण पाहणीत १० ते १९ वयोगटातली २४ टक्के मुले १२ नॅनोग्रॅमच्याही खाली निघाली.

कोवळ्या उन्हाबद्दलची आपली समजूत इथे तपासून घ्यायला हवी. बाळाला न्हाऊमाखू घालून सकाळच्या उन्हात धरायचे, आजोबांनी सातच्या उन्हात फेरी मारायची, ही पद्धत चांगलीच आहे. पण सूर्य खाली असताना लागणारे किरण वातावरणातच बरेचसे गाळले जातात. आपल्याकडे साधारण अकरा ते तीन या वेळेतच कातडीत ड जीवनसत्त्व नीट तयार होते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तो हा काळ. वैशाखात भर दुपारी उघड्यावर बसायला कोणी सांगणार नाही. पण हिवाळ्यात जेवणाच्या सुट्टीत हात, दंड आणि पाय थोडे उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटे बाहेर फिरणे बहुतेकांना जमण्यासारखे आहे. अन्नातून मिळणारा वाटा छोटा. कोकणात तारली आणि बांगडा खाणाऱ्यांना तो थोडा बरा मिळतो, अंड्याच्या बलकातून थोडासा. शाकाहारी ताटात तो जवळपास नसतोच, दुधात मुद्दाम घातला असेल तेवढाच.

जादा वजनाच्या माणसासाठी उन्हातल्या या चालण्याचे मोल दुप्पट आहे. ऊन मिळते आणि हालचालही होते. गोळीला हे जमत नाही.

गोळीबद्दल मात्र काही गोष्टी ठामपणे सांगायला हव्यात, कारण आपल्याकडची साठ हजार युनिटांची पुडी किंवा कॅप्सूल औषधाच्या दुकानात सहज मिळते आणि फार हलक्या हाताने घेतली जाते. निरोगी प्रौढाला रोज लागतात ६०० युनिट. रोजची सुरक्षित कमाल मर्यादा ४,००० युनिटांची. आठवड्याला साठ हजार म्हणजे दिवसाला सरासरी साडेआठ हजारांच्या वर. खरी कमतरता भरून काढायला ठराविक आठवडे हे योग्यच आहे, पण ते उपचार आहेत, रोजचा खुराक नाही. लठ्ठ रुग्णाला जास्त डोस लागतो हे खरे असले, तरी तो किती आणि किती दिवस हे त्याचे वजन, त्याचे कॅल्शियम आणि मूत्रपिंडे पाहून ठरवायचे असते.

याचे कारण पुन्हा चरबीतच आहे. चरबीत साठलेले जीवनसत्त्व अतिरेक झाल्यावरही पटकन बाहेर जात नाही. औषध थांबवल्यावरही आठवडेच्या आठवडे, कधी काही महिने, रक्तातले कॅल्शियम चढेच राहते. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी लघवी, गोंधळलेपण आणि शेवटी मूत्रपिंडाला इजा अशी त्याची वाट असते. काश्मीरमधल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये अशाच रुग्णांची मालिका नोंदवली, ज्यांना जबर डोसाची इंजेक्शने पुन्हा पुन्हा दिली गेली होती. आठवड्यातून एकदा घ्यायची पुडी रोज घेतल्यानेही असे रुग्ण घडतात. आणि मोठा डोस हाडांना हमखास बळकटी देतो असेही नाही. ऑस्ट्रेलियात २०१० मध्ये २,२५६ वृद्ध स्त्रियांवरच्या चाचणीत वर्षातून एकदा पाच लाख युनिट घेणाऱ्या स्त्रिया पोकळ गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त पडल्या आणि त्यांची हाडेही जास्त मोडली.

वजन जास्त असलेल्या वाचकाने डॉक्टरांकडे जाताना ड जीवनसत्त्वाच्या रिपोर्टबरोबर आपले आजचे वजन आणि कंबरेचा घेर लिहून न्यावा. पुडी लिहून दिली, तर ती किती आठवडे घ्यायची, केव्हा थांबवायची आणि कॅल्शियम कधी तपासायचे हे विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या चिठ्ठीवरची पुडी आपण घेऊ नये, आणि वजन उतरवण्यासाठी तर ती मुळीच घेऊ नये.